नुमिदियाचा इतिहास वाचायचा आहे, सुरुवात कुठून करू? (सल्ला हवा)

शाईपेन

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्यावरचं एक पुस्तक वाचून काढलं. झामाच्या लढाईपर्यंत (इ.स.पू. 202) आलो आणि एका वाक्याशी थबकलो. ज्या नुमिदियन (उत्तर आफ्रिकेतल्या) घोडेस्वारांनी हॅनिबलला इटलीत इतकी वर्षं साथ दिली, त्यांच्यातलेच हजारो स्वार त्या दिवशी समोरच्या फळीत, रोमनांकडून उभे होते. त्यांचा राजा मासिनिस्सा. एवढ्या मोठ्या उलथापालथीला लेखकाने जेमतेम दीड पान दिलंय. हे लोक कोण होते, त्यांचं राज्य केवढं होतं, रोम आणि कार्थेजच्या भांडणात त्यांना स्वतःला काय हवं होतं, यातलं काहीच नाही. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, बँकेत नोकरी करतो. फ्रेंच येत नाही, इंग्रजी वाचतो. आधी काय वाचावं आणि कोणत्या क्रमाने, ते सांगा. शिवाय फेब्रुवारीत ऑफिसच्या कामासाठी ट्युनिसला जाणार आहे आणि चार दिवस मोकळे मिळतील. नुमिदियाचं काही बघण्यासारखं तिथे आहे का, की सगळं अल्जीरियातच?

माळरान

शाईपेन, धागा काढलात हे फार बरं केलंत. माझं मत स्पष्ट आहे: सॅलस्ट या रोमन इतिहासकारापासून सुरुवात करा. जुगुर्थाच्या युद्धावरचं त्याचं छोटेखानी पुस्तक दोन-तीन संध्याकाळींत वाचून होतं. इंग्रजी भाषांतर लाकुसकर्टियस या संकेतस्थळावर फुकट आहे.

कथानक थोडक्यात असं. मासिनिस्साचा मुलगा मिकिप्सा इ.स.पू. 118 मध्ये वारला. राज्य त्याने तिघांच्या हाती ठेवलं: आधेर्बाल आणि हिएम्प्साल हे दोन सख्खे मुलगे आणि दत्तक घेतलेला पुतण्या जुगुर्था. जुगुर्था स्पेनमध्ये नुमान्तियाच्या वेढ्यात रोमनांच्या बरोबरीने लढलेला. रोमन सरदारांना पैशाची किती हाव आहे, हे त्याने तिथेच हेरलं होतं. त्याने हिएम्प्सालचा खून करवला आणि आधेर्बालला सिर्ता या राजधानीत कोंडलं. इ.स.पू. 112 मध्ये शहर पडलं, तेव्हा तिथल्या इटालियन व्यापाऱ्यांचीही कत्तल झाली आणि रोमला युद्धात उतरावंच लागलं. पुढे जुगुर्था साक्षीसाठी रोमला गेला. परत निघताना वळून त्या शहराकडे बघत तो म्हणाला की हे शहर विकायलाच काढलंय, गिऱ्हाईक मिळायचा अवकाश. सॅलस्टने हा प्रसंग असा लिहिलाय की अंगावर काटा येतो.

आणखी एक जागा चुकवू नका. रोमन सेनापती मारियसचं सैन्य एका कड्यावरच्या गढीपुढे अडकून पडलेलं असतं. एक लिगुरियन सैनिक पाणी आणायला निघतो, खडकात गोगलगायी दिसतात म्हणून त्या वेचत वेचत वर चढतो आणि थेट माथ्यावर पोहोचतो. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने मोजके लोक आणि कर्णे वाजवणारे वर जातात, मागून अचानक कर्णे वाजतात आणि गढी पडते. सिंहगडाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटतं, ते मी वेगळं सांगायला नको.

उंबरठा

माळरान यांच्याबद्दल आदर आहे, पण पहिलं पाऊल सॅलस्ट नको. शाईपेन यांचा प्रश्न पुन्हा वाचा: 'त्यांना स्वतःला काय हवं होतं?' सॅलस्टला त्यात रस नाही. त्याला रोमच्या उमरावांची नीतिभ्रष्टता दाखवायची आहे आणि जुगुर्था हा त्यासाठी धरलेला आरसा आहे. त्यातून इ.स.पू. 46 मध्ये नुमिदिया जिंकून सीझरने जो नवा प्रांत केला, त्याचा पहिला सुभेदार हाच सॅलस्ट. तिथे त्याने प्रजेला लुबाडलं असा आरोप त्याच्यावर झाला होता. असा माणूस लाचखोरीवर लिहितो तेव्हा ते जरूर वाचावं, पण त्याच्या डोळ्यांनी पहिली ओळख करून घेऊ नये.

मी म्हणेन, आधी एक शिलालेख वाचा. ट्युनिशियात दुग्गा नावाचं ठिकाण आहे, प्राचीन थुग्गा. तिथल्या नागरिकांनी मासिनिस्साच्या स्मरणार्थ देऊळ बांधलं आणि त्यावर दोन भाषांत लेख कोरला: प्युनिक, म्हणजे कार्थेजची भाषा, आणि लिबिक, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ बर्बर लोकांची स्वतःची भाषा. मजकूर साधारण असा: थुग्गाच्या नागरिकांनी हे देऊळ राजा मासिनिस्सासाठी बांधलं, तो राजा गायाचा मुलगा, गाया सुफेत झिलाल्सानचा मुलगा, मिकिप्साच्या राज्याचं दहावं वर्ष. म्हणजे इ.स.पू. 139-138. एवढ्या चार ओळींत चार पिढ्या आल्या. पणजोबा 'सुफेत' आहे, म्हणजे नगराचा निवडलेला अधिकारी, राजा नव्हे. राजपद गायापासून पुढे दिसतं. एक घराणं नगरातल्या मानाच्या पदावरून सिंहासनापर्यंत कसं आलं, ते इथे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं. लिबिक मजकुरात 'राजा'साठी जी ग-ल-द अक्षरं आहेत, तोच शब्द आजच्या बर्बर भाषांत 'अगेल्लिद' म्हणून जिवंत आहे. बावीसशे वर्षं एक शब्द टिकलाय. मला हे कोणत्याही लढाईहून मोठं वाटतं.

आणि एक विनंती. वाचताना 'बर्बर' बरोबर 'अमाझिग' हाही शब्द मनात ठेवा. ते लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात. बर्बर हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं, ज्यांची बोली कळत नाही त्यांना हिणवण्यासाठी. आपल्या संस्कृतातही 'बर्बर' त्याच तुच्छतेने येतो. अल्जीरियात 2016 पासून तमाझिग्त ही त्यांची भाषा अधिकृत आहे आणि तिथल्या कबाइल (अमाझिगांचाच एक गट) घरांत आजही मुलांची नावं मासिनिस्सा, जुगुर्था अशी ठेवतात.

माळरान

उंबरठा, सुभेदारीचा मुद्दा मान्य. पण सॅलस्टच्या बाजूने एक नोंद हवीच. सतराव्या प्रकरणात तो लिहितो की आफ्रिकेतल्या लोकांच्या मुळाबद्दलची माहिती आपण राजा हिएम्प्सालची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्युनिक ग्रंथांतून, भाषांतर करून घेऊन दिली आहे. ते ग्रंथ आज नाहीत. नुमिदियन दरबारातल्या परंपरेचा तेवढा तरी अंश त्याच्यामुळे आपल्यापर्यंत आला.

शाईपेन

दोघांचेही मनापासून आभार. उंबरठा, तो लेख वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. मासिनिस्सावर मात्र अजून हवंय. त्याने बाजू का बदलली?

उंबरठा

तेव्हा नुमिदिया एकसंध नव्हता. पूर्वेला मासिलींचं राज्य, राजा गाया. पश्चिमेला मासेसिलींचं, राजा सिफाक्स, आणि तो कितीतरी बलाढ्य. गायाचा मुलगा मासिनिस्सा स्पेनमध्ये कार्थेजच्या बाजूने रोमनांशी लढत होता. इ.स.पू. 206 मध्ये इलिपाला कार्थेज हरलं आणि मासिनिस्साने रोमन सेनापती स्किपिओशी गुप्त बोलणी केली. तिकडे गाया वारला, वारसांत तंटे लागले, आणि सिफाक्स मासिलींच्या मुलखावर चालून आला. कार्थेजने सिफाक्सशी सोयरीक जोडली: हास्द्रुबाल गिस्कोची मुलगी सोफोनिस्बा त्याला दिली. मग मासिनिस्साकडे उरलं काय? राज्य गेलेलं, मूठभर स्वार घेऊन डोंगरात फिरत होता. स्किपिओ आफ्रिकेत उतरला तेव्हा तो त्याला जाऊन मिळाला. 'फितूर' हा शब्द अनेक पुस्तकांत येतो. मला तो अन्यायाचा वाटतो. कार्थेज त्याचं नव्हतं आणि रोमही नव्हतं. त्याला बापाचं राज्य परत हवं होतं.

इ.स.पू. 203 मध्ये सिफाक्स पकडला गेला. मासिनिस्सा सिर्तात शिरला आणि त्याच दिवशी त्याने सोफोनिस्बाशी लग्न केलं. स्किपिओला ते चालणार नव्हतं, शत्रूची राणी म्हणजे रोमची कैदी. मासिनिस्साने तिला विषाचा पेला पाठवला आणि ती तो पिऊन मोकळी झाली. हे रोमन इतिहासकार लिव्हीच्या तिसाव्या खंडात आहे. लिव्ही तो प्रसंग रंगवून सांगतो, भाषणं त्याने स्वतः रचलेली आहेत, तेवढं ध्यानात ठेवा. तिचं म्हणणं मात्र कोणीच लिहून ठेवलं नाही.

पुढची पन्नासेक वर्षं जास्त महत्त्वाची आणि तीच पुस्तकांत गाळली जातात. इ.स.पू. 201 च्या तहानुसार कार्थेजला रोमच्या परवानगीवाचून लढाई करता येत नव्हती. मासिनिस्साने हे कलम नीट ओळखलं. तो कार्थेजचा मुलूख टप्प्याटप्प्याने घेत राहिला, कार्थेज रोमकडे तक्रार करत राहिलं, आणि रोमचा निवाडा बहुधा मासिनिस्साच्याच पदरात पडत राहिला. त्याच काळात तो धान्य पाठवतो आहे: इ.स.पू. 200 मध्ये मॅसिडोनियाच्या मोहिमेसाठी दोन लाख मोदियस गहू, तितकेच जव आणि एक हजार स्वार. मोदियस म्हणजे साधारण पावणेनऊ लिटरचं माप. शेवटी कार्थेजने शस्त्र उचललं. इतिहासकार अप्पियन सांगतो की त्या लढाईत 88 वर्षांचा मासिनिस्सा खोगिराशिवाय घोड्यावर बसून स्वतः सैन्य हाकत होता. रोमला हवं ते निमित्त मिळालं आणि तिसरं प्युनिक युद्ध सुरू झालं. कार्थेज जळालं ते इ.स.पू. 146 मध्ये, पण मासिनिस्सा त्याआधी दोन वर्षं, नव्वदीत गेला.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियस मासिनिस्साला भेटला होता. त्याच्या मते ओसाड मुलखात शेती आणली ती मासिनिस्साने. हे जसंच्या तसं घेऊ नका. बर्बर भाषांत गव्हाला 'इर्देन' आणि जवाला 'तिमझीन' म्हणतात. हे शब्द ना प्युनिक ना लॅटिन. शेती आधीपासून होती. राजाने ती वाढवली, मोठ्या जमिनी लागवडीखाली आणल्या, एवढं पुरेसं मोठं आहे.

नाणेवेडा

वाचनाबरोबर नाणीही बघा. मासिनिस्सा आणि मिकिप्सा यांची नाणी साधी, ब्रॉन्झ किंवा शिशाची: एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला दौडता घोडा. मग पहिल्या जुबाचं चांदीचं नाणं घ्या. एका बाजूला त्याचा चेहरा आणि लॅटिनमध्ये 'राजा जुबा', दुसऱ्या बाजूला खांबांची इमारत आणि प्युनिक अक्षरं. आपल्या सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवरही राजाचा चेहरा आणि दोन भाषांतले लेख असतात, त्यामुळे मला ते पाहताक्षणी ओळखीचं वाटलं. हा जुबा पाँपेच्या पक्षाकडून सीझरशी लढला. इ.स.पू. 46 मध्ये थाप्ससला हरल्यावर त्याने जीव दिला आणि राज्य संपलं.

दूरदेशी

कामानिमित्त दोन वर्षं ट्युनिसला होतो, म्हणून प्रवासाबद्दल लिहितो.

चार दिवस असतील तर दुग्गाला पूर्ण एक दिवस द्या. ट्युनिसपासून नैर्ऋत्येला शंभर-एकशेदहा किलोमीटर. तिथे सामायिक टॅक्सीला 'लुआज' म्हणतात. तिने तेबूर्सूकपर्यंत जाता येतं, पुढचे थोडे किलोमीटर स्थानिक टॅक्सी करावी लागते. सगळे पर्यटक रोमन नाट्यगृहाकडे वळतात. तुम्ही खाली उतरा, ऑलिव्हच्या झाडांत 21 मीटर उंचीचा मनोरा दिसेल. ती इ.स.पू. दुसऱ्या शतकातली नुमिदियन समाधी. त्यावर एक द्विभाषिक लेख होता. तो मिळवण्यासाठी 1842 मध्ये ट्युनिसमधल्या ब्रिटिश वाणिज्यदूताने (कॉन्सुलने), थॉमस रीडने, ती समाधी पाडायला लावली. दगड लंडनला गेला, तो आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लिबिक लिपी उलगडायला त्याचा मोठा उपयोग झाला हे खरंच, पण पुढे फ्रेंचांनी 1908 ते 1910 मध्ये पुन्हा रचलेल्या त्या भिंतीपुढे उभं राहिलं की पोटात तुटतं.

दुसरा दिवस चेम्तूला. जेंदूबाच्या पुढे, अल्जीरियाच्या सीमेकडे. पिवळ्या संगमरवराच्या खाणी आहेत, आणि माथ्यावर मिकिप्साच्या काळातल्या स्मारकाचे अवशेष. संग्रहालयात त्याच्या दर्शनी भागाची ढालींच्या नक्षीसकट पुन्हा रचना केली आहे. तिसरा दिवस ट्युनिसचं बार्दो संग्रहालय.

सिर्ता म्हणजे आजचं कॉन्स्टंटाइन, ते अल्जीरियात. दरीच्या काठावरचं ते शहर, जवळच्या एल खरूबची राजसमाधी आणि बात्नाजवळची मेद्रासेन ही राजसमाधी, हे सगळं वेगळ्या प्रवासासाठी राखून ठेवा. चार दिवसांत सीमा ओलांडायचा विचार करू नका.

फेब्रुवारीत तिथे पाऊस असतो. दुग्गाचे दगड फार घसरतात, चांगले बूट न्या.

शाईपेन

ठरलं. थुग्गाचा लेख वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला. काल लिव्हीचा तिसावा खंड संपवला, सॅलस्ट आजपासून. माळरान, गोगलगायींपर्यंत पोहोचलो की इथे कळवतो.

दूरदेशी, एक विचारायचं राहिलं: तो मासिनिस्साच्या देवळाचा मूळ दगड बार्दोमध्ये मांडलेला असतो का? असेल तर बार्दो पहिल्याच दिवशी करीन. दुग्गाला जाताना ती अक्षरं डोळ्यांखालून गेलेली असावीत असं वाटतंय.