अनेस्थेशियाच्या (भूलशास्त्राच्या) विभागाला तिथे शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांनी गुण द्यावेत का?

रात्रपाळी_जेआर३:
एमडी अनेस्थेशियाचं तिसरं वर्ष संपत आलंय. तीन वर्षांत माझी परीक्षा कितीतरी वेळा झाली. पण शिकायला ही जागा कशी आहे, हे मला एकदाही कुणी विचारलं नाही. इन्स्पेक्शनला खाटा, शिक्षक, ऑपरेशनं मोजतात आणि झालं.

ब्रिटनमध्ये २००५ साली 'फीम' नावाची प्रश्नावली तयार झाली. ४० विधानं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण १६०. रेसिडेंटला किती मोकळीक मिळते, शिकवणं कसं आहे, आधार मिळतो का, असे तीन भाग. भूलशास्त्राच्या थिएटरसाठी तर त्याआधी २००४मध्येच 'अटीम' ही वेगळी प्रश्नावली आली होती. आपल्याकडे हे दरवर्षी, नाव न घेता भरून घ्यावं आणि कॉलेजनिहाय गुण प्रवेशाच्या काउन्सेलिंगच्या आधी जाहीर करावेत, असं माझं ठाम मत आहे.

कारण सांगते. पहिल्या वर्षी पहाटे तीनला इमर्जन्सी सीझर होतं. स्पायनल (पाठीच्या कण्यातून द्यायची भूल) नीट लागला नाही, बाई वेदनेनं ओरडत होती. सीनिअर दुसऱ्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) अडकलेली. फोनवर म्हणाली, "सरांना उठवू नकोस, सकाळी बोलणी खाशील." मी फोन केला नाही. एकटीनं जीए (पूर्ण भूल) दिला. दुसऱ्या प्रयत्नात श्वासनलिकेत ट्यूब गेली, आई-बाळ सुखरूप राहिले. लॉगबुकात ती केस माझ्या नावावर एक जीए म्हणून जमा आहे.

जुना_लेक्चरर:
ती रात्र वाईट होती, आणि त्या सरांना फोन जायलाच हवा होता. तरी जाहीर गुणांना माझा विरोध आहे.

हात बसतो तो केसेसनी. सरकारी रुग्णालयात रेसिडेंट पिचतो, चिडतो, पण अवघड एअरवे (श्वासमार्ग), पॉलिट्रॉमा (एकाच वेळी अनेक गंभीर जखमा), एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातले झटके) सगळं बघून बाहेर पडतो. तो गुण कमीच देणार. जिथे दुपारी चारला ओटी बंद होते तिथले खुशीत १३० देतील. नवी मुलं मग कुठे जातील?

शिवाय एका बॅचला चार रेसिडेंट. नाव नसलं तरी अक्षरावरून, तक्रारीवरून कळतंच कोण ते. आणि 'फीम'मध्ये ऑन-कॉल असताना जेवणाची सोय कशी आहे, हेही विचारलंय; ते विभागाच्या हातात कुठे असतं? आमच्याकडे एक लेक्चरर रात्री ऑपरेशनची तीन टेबलं बघतो. रिकामी पदं भरणं एचओडीच्या (विभागप्रमुखाच्या) हातात नाही, कमी गुणांचा मार मात्र तिलाच.

तालुक्याची_भूलतज्ज्ञ:
केसेसबद्दल सर म्हणतात ते खरं. मी आज चार नर्सिंग होम एकटी सांभाळते, ती त्या तीन वर्षांच्या जोरावर. पण त्याच वर्षांत 'मदत मागणं म्हणजे कमीपणा' हेही अंगात मुरलं. प्रॅक्टिसला लागल्यावर पहिली दोन वर्षं मी शेजारच्या गावच्या भूलतज्ज्ञाला फोन करायला कचरायचे. ते घालवायला फार कष्ट पडले.

रात्रपाळी_जेआर३:
सर, बॅच छोटी असते हे मान्य. मग तीन वर्षांचे रेसिडेंट एकत्र धरा, फॉर्म विभागात न भरता विद्यापीठाकडे ऑनलाइन भरा. जेवणाचा प्रश्न मात्र मी काढणार नाही. छत्तीस तास ड्यूटी करून उपाशीपोटी औषधाचा डोस काढणारा हात थरथरतो, मी बघितलाय.

ड्यूटीच्या तासांचे नियम कमी नाहीत. १९९२चा केंद्राचा आदेश आठवड्याला ४८ तास म्हणतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२३चे पीजी (पदव्युत्तर) नियम नुसतं 'वाजवी' तास म्हणतात. २०२४मध्ये आयोगाच्याच कृतिदलानं आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. वॉर्डात यातलं काय उतरलं, ते रेसिडेंटशिवाय कोण सांगणार? आणि पदं रिकामी असल्यानं विभागाला ६० गुण मिळाले, तर तोच कागद एचओडी मॅडमना शासनापुढे ठेवता येईल.

जुना_लेक्चरर:
शासनापुढे ठेवायला माझी हरकत नाही. विद्यापीठानं विभागाला बंद पाकिटात द्यावेत, दोन वर्षं सुधारायला द्यावीत. काउन्सेलिंगच्या यादीत मात्र नकोत.

रात्रपाळी_जेआर३:
दोन वर्षांत एक अख्खी बॅच जवळजवळ बाहेर पडते, सर. बंद पाकीट असलंच, तर एक विधान तरी उघडं ठेवा: 'रात्री कधीही सीनिअरला न घाबरता फोन करता येतो.' तेवढ्या एका ओळीचे गुण प्रवेश घेणाऱ्या मुलाला दिसू देत.