भिंतीशी पिकलबॉल : एकट्याने केलेल्या सरावाचे अनुभव

पिकलबॉल म्हणजे छोट्या कोर्टवर, टेनिससारखं नेट लावून, पॅडल आणि भोकांच्या प्लॅस्टिक बॉलने खेळायचा खेळ. त्याचा सामना खेळायला समोर कुणीतरी लागतं, पण हात तयार करायला एक भिंत पुरते असं माझं ठाम मत आहे. तुमच्यापैकी जे भिंतीवर सराव करतात त्यांनी इथे जरूर लिहा. कोणता फटका, किती अंतरावरून, त्याने खेळात काय फरक पडला, आणि भिंतीकडून काय मिळत नाही तेही. सुरुवात मी करते.

नेट मध्यावर ३४ इंच आणि कडेला ३६ इंच उंच असतं. मी भिंतीवर ३४ इंचांवर खडूने रेघ मारली आहे. किचनची (नेटलगतच्या पट्ट्याची, जिथे उभं राहून टप्प्याआधी बॉल मारता येत नाही) रेषा नेटपासून ७ फुटांवर असते, म्हणून भिंतीपासून तेवढ्या अंतरावर जमिनीवर दुसरी रेघ. तिथून फक्त डिंक, म्हणजे नेटवरून समोरच्या किचनमध्ये हळूच टाकायचा फटका. बॉल रेघेच्या वर लागला एवढ्यावर मी फटका चांगला धरत नाही. भिंतीला लागताना तो चढत असेल, तर खऱ्या नेटपलीकडे अजून उंच जाईल आणि समोरचा तो खाली ठोकेल. सगळ्यात उंच बिंदू माझ्या बाजूला हवा, भिंतीशी पोचताना बॉल उतरायला लागलेला हवा. हे पाहायला लागल्यापासून माझे डिंक खाली राहतात आणि हात मनगटाऐवजी खांद्यातून हलतो.

*

खूप छान विषय. मी बॅडमिंटनमधून इकडे आलो. मनगट फिरवणं अंगात भिनलेलं, त्यामुळे व्हॉलीला, म्हणजे टप्प्याआधीच बॉल मारताना, पॅडल सारखं मागे जायचं. भिंतीने ते बंद केलं. किचनच्या दोन रेषांमध्ये १४ फूट अंतर, म्हणजे माझा बॉल समोरच्याकडे जाऊन परत येईपर्यंत २८ फूट होतात. भिंतीपासून ७ फुटांवर उभं राहिलं की हेच अंतर १४ फूट. भिंतीवर आदळून वेग थोडा कमी होतो हे धरलं तरी वेळ फार कमी मिळतो. पॅडल मागे न्यायला सवडच नसते, ते छातीसमोर ठेवावंच लागतं. एक फोरहँड, एक बॅकहँड, टप्पा पडू न देता. ग्रिप बदलायची नाही; कॉन्टिनेन्टल (हातोडी धरल्यासारखी) धरली तर दोन्हीकडे चालते. हा सराव दमवणारा आहे, थोडाच वेळ करतो पण रोज करतो.

*

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक जोडते. पकड घट्ट होऊ लागली की थांबावं. माझं कोपर जुनं दुखणं आहे. बोटं आवळली की भिंतीवरून येणारा बॉल पॅडलवरून टणकन उडतो. सैल असली तर तिथेच निवतो. जोरात आलेला बॉल किचनमध्ये हळूच टाकायचा रीसेट मला याच फरकाने समजला. मी आता फोमचा बॉल वापरते, आवाजही कमी होतो. पण त्याची उसळी वेगळी असते, म्हणून शेवटी थोडा वेळ नेहमीचा बॉल घेतेच.

*

फिरकी शिकायला भिंतीसारखं काही नाही! टॉपस्पिन (पुढे फिरणारा) मारलेला बॉल भिंतीला लागून वर उसळतो, स्लाइस (मागे फिरणारा) मारलेला खाली घसरतो. आपण नक्की काय मारलं ते लगेच दिसतं.

*

मी व्हीलचेअरवरून खेळतो. आमच्या नियमांत बॉलचे दोन टप्पे चालतात, त्यामुळे भिंतीचा सरावही तसाच आखतो. फटका मारला की लगेच हात चाकांवर, खुर्ची वळवायची, आणि दुसऱ्या टप्प्याला बॉलच्या मागे पोचायचं. एका जागी थांबून मारत राहिलो तर नुसता हात तयार होतो, खुर्ची तशीच राहते. म्हणून मुद्दाम तिरपे मारतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सामन्यात बॉलखाली वेळेत पोचण्याचा सगळा आत्मविश्वास मला इथून मिळाला आहे.

*

थोडी दुसरी बाजू मांडते. सर्व्हिस आणि थर्ड शॉट ड्रॉप (सर्व्हिस परत आल्यावरचा तिसरा फटका, समोरच्या किचनमध्ये हळूच टाकलेला) यांसाठी एकट्या भिंतीवर विसंबू नका. बेसलाइन (कोर्टची मागची रेषा) नेटपासून २२ फुटांवर असते. तितक्या लांबून भिंतीवर सर्व्हिस मारली तर दिशा आणि उंची कळते, पण बॉल किचनपलीकडे पडला असता की बेसलाइनबाहेर गेला असता, हे भिंत सांगत नाही. ड्रॉपचं तर सगळं मर्म तो कुठे पडतो यातच आहे. त्यासाठी मी रिकाम्या कोर्टवर बॉलची टोपली घेऊन जाते, हातातून बॉल सोडते, टप्पा पडू देते आणि पलीकडच्या किचनमध्ये टाकत राहते. भिंतीवर सर्व्हिसचं एकच काम करते: पॅडल खालून वर जातंय ना आणि बॉल कमरेखाली लागतोय ना, ते पाहणं.

*

नवीन कुणी सुरू करणार असेल तर भिंत निवडताना गिलावा हात फिरवून पाहा. गुळगुळीत भिंतीवर लय बसते, सुरुवातीला तीच घ्या. खडबडीत भिंत बॉल कुठेही फेकते. ती मी व्हॉली बऱ्यापैकी जमल्यावर घेतली आणि आता मुद्दाम तिथेच जातो. जमीनही बघा. बारीक खडी असेल तर पाय घसरतो, आधी झाडून घ्या.