मदत हवी आहे: रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावरून गळाची मासेमारी – जागा, आमिष आणि भरतीची वेळ

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी नागपूरला राहतो. गळाने मासे पकडण्याची आवड मला वडिलांकडून लागली आणि ती आजवर रामटेकजवळचा खिंडसी तलाव, वैनगंगेचे डोह आणि भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी तलाव यांच्या काठी, तेथील मत्स्य सहकारी संस्थांची परवानगी घेऊन, आम्ही दोघांनी मिळून जपली आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात वडील, धाकटा भाऊ आणि मी असे तिघे रत्नागिरीला जाणार आहोत. होडीने आत न जाता किनाऱ्यावरूनच गळ टाकायचा आहे. वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे, आणि समुद्रात एकदा तरी गळ टाकावा ही त्यांची फार जुनी इच्छा आहे. त्यामुळे मासा लागण्याइतकेच महत्त्व मी त्यांच्या सुरक्षित उभे राहण्याला देतो आणि पुढील प्रश्न त्याच दृष्टीने विचारत आहे.

पहिला प्रश्न जागेचा आहे. नकाशा पाहून मी उत्तरेकडून जयगड, आरे-वारे, रत्नदुर्गाच्या पायथ्याचे खडक, भाट्ये, पूर्णगड आणि आंबोळगड अशा जागा टिपल्या आहेत. त्यांपैकी कोठे वयस्कर माणसाला फारशी चढ-उतार न करता पाण्याजवळ बसता येईल आणि तरीही गळाखाली पुरेसे खोल पाणी मिळेल?

दुसरा प्रश्न आमिषाचा. आमच्याकडे रोहू-कटल्यासाठी कणकेची गोळी किंवा पेंड आणि मरळीसाठी गांडूळ किंवा लहान मासळी वापरली जाते. लाटांच्या माऱ्यात कणकेची गोळी टिकणार नाही हे उघड आहे. तांबोशी, पालू, गोबरा, चोणक (रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तो) आणि कोकर हे मासे खडकांच्या आसपास मिळतात असे वाचले. यांपैकी कोणत्या माशासाठी कोणते आमिष लावावे आणि ते नागपूरहून न्यावे की तेथेच घ्यावे?

तिसरे असे की, तळ्यातील गाळावर शिसे (गळ बुडवण्यासाठी लावलेले वजन) अडकत नाही, खडकात मात्र ते हमखास अडकते. प्रत्येक वेळी तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), गळ आणि शिसे असे सगळेच गमावू नये यासाठी बांधणी कशी करावी? शेवटचा प्रश्न भरती-ओहोटीचा आहे. इतक्या दूर बसून कोणत्या तारखा धराव्यात हे मला ठरवता आलेले नाही, आणि रेल्वेचे आरक्षण मात्र आताच करावे लागणार आहे.

प्रतिसाद १

नमस्कार. मी मूळचा रत्नागिरीचा असून नोकरीनिमित्त बरीच वर्षे नागपुरात आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तारीख चुकली तर चांगली जागा आणि ताजे आमिष असूनही हाती काही लागत नाही.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा आहे की, त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणावे. जो आकडा येतो त्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. रत्नागिरीला पाणी मुंबईपेक्षा थोडे आधी भरते, म्हणून अचूक वेळ भरतीच्या छापील तक्त्यात पाहावी. परंतु आरक्षण करण्यासाठी घरातील दिनदर्शिका पुरेशी आहे. तुम्ही एकादशी ते त्रयोदशी हे दिवस धरा. त्या दिवसांत उजाडताना पाणी निम्मे चढलेले असते आणि आठ ते दहाच्या दरम्यान ते पूर्ण भरते. चढत्या पाण्याबरोबर मासा खडकांतील खेकडे आणि कोळंबी खाण्यासाठी काठाजवळ येतो, आणि नेमका तोच वेळ तुम्हाला उजेडात मिळतो. शिवाय डिसेंबरात सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो, त्यामुळे गळ लांब जातो आणि पाण्याचा पृष्ठभाग शांत राहतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की खडकावर बसण्यात आनंद राहत नाही.

आता जागा. वडील सोबत असताना रत्नदुर्गाच्या पायथ्याचे खडक आणि आरे-वारेच्या मधले कडे कृपया यादीतून काढून टाका. तेथे जांभ्याचा कडा सरळ समुद्रात उतरतो, लाटेला पसरायला जागा नसते आणि ती थेट उसळून वर येते. तशीच गोष्ट गुहागर तालुक्यात हेदवीच्या बामणघळीची. भरतीच्या वेळी चिंचोळ्या घळीत शिरलेले पाणी केवढ्या उंचीवर उडते ते लांबून अवश्य पाहा, मात्र गळ घेऊन तिच्या काठावर जाऊ नका.

तुमच्यासाठी योग्य जागा म्हणजे भाट्ये, जेथे काजळी नदी समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाशी प्रवाहाने पात्र खोल ठेवलेले असते, बाजूला खडकही आहेत आणि रस्ता जवळ आहे. तांबोशी आणि चोणक हे दोन्ही मासे खारे आणि निमखारे पाणी यांच्या सीमेवर वावरतात, त्यामुळे उघड्या कड्यापेक्षा खाडीमुखावर ते लागण्याची शक्यता अधिक. मुचकुंदीच्या मुखावरील पूर्णगड आणि शास्त्रीच्या मुखावरील जयगड ही याच प्रकारची ठिकाणे आहेत. आंबोळगडचे खडक सुंदर आहेत, पण तेथे तुम्ही दोघे भाऊच जा. पुढे सिंधुदुर्गात उतरण्याचा विचार झालाच, तर मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे हे ध्यानात ठेवून तेथे गळ टाकण्यापूर्वी चौकशी करा.

कोणत्याही खडकावर पाऊल ठेवण्यापूर्वी किमान अर्धा तास मागे थांबून लाटा पाहाव्यात. ऊन पडूनही जो खडक काळा आणि ओला आहे, तेथपर्यंत लाट येते असे समजावे. हिरव्या शेवाळावर तर पाय देऊच नये. किनाऱ्यावर वारा पडलेला असताना दूरच्या समुद्रातून उंच लाटा येऊ शकतात. त्याची सूचना हैदराबादची इन्कॉइस ही केंद्रीय संस्था देते, ती निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पाहावी. पाणी चढत असताना मागची वाट बंद होत नाही ना, याकडे तिघांपैकी एकाने सतत लक्ष ठेवावे.

आमिष नागपूरहून नेऊ नका. बर्फातली मासळी वितळली की मऊ पडते आणि पहिल्याच लाटेत गळावरून सुटते. सकाळी बंदरावर ताजी कोळंबी, माकूल (स्क्विड) आणि बांगडा किंवा तारली घ्या. माकुलाच्या बोटभर लांब पट्ट्या चिवट असल्याने लाटेत सर्वांत जास्त टिकतात आणि गोबऱ्यापासून कोकरापर्यंत बहुतेक मासे त्या घेतात. पालूसाठी लहान खेकडा किंवा सोललेली कोळंबी चांगली. तांबोशी आणि चोणक यांना जिवंत कोळंबीइतके दुसरे काही आवडत नाही. कोळंबी मिळाली नाही तर लहान जिवंत बोय मासळी लावावी. उरलेल्या कोळंबीला जाड मीठ लावून ठेवल्यास ती घट्ट होते आणि दुसऱ्या दिवशी कामाला येते.

शिशाबाबत उपाय सोपा आहे. शिसे मुख्य तंगुसाला थेट न बांधता त्याच्या निम्म्या ताकदीच्या, हातभर लांबीच्या वेगळ्या तंगुसाला बांधा. ते खडकात अडकले तर ओढल्यावर तेवढाच धागा तुटतो आणि गळ, मासा व बाकीची बांधणी परत येते. शिशाऐवजी गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग मागून न्या. आमच्याकडे पुष्कळजण तेच वापरतात.

प्रतिसाद २

वरील माहितीत एक आवश्यक भर घालतो. खाडीमुखावर शेंगटी हा मिशा असलेला मासा हमखास लागतो. तिच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना करवतीसारखे दाते असून ते विषारी असतात, म्हणून तिला हाताने न धरता पक्कडीने गळ काढावा. काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात आणि त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे. फुगणारा केंड मासा लागल्यास तो कितीही मोठा असला तरी खाऊ नका. त्याचे विष शिजवून जात नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. वडिलांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांनी स्वतः दिनदर्शिका उघडून एकादशीची तारीख काढली आणि आम्ही त्याप्रमाणे आरक्षण करत आहोत. भाट्ये येथे तिन्ही सकाळ वडिलांसोबत राहू आणि आंबोळगडला दुपारी फक्त पाहण्यासाठी जाऊ. एक शंका राहिली: जिवंत कोळंबी बंदरावरून जागेपर्यंत कशी न्यावी?

प्रतिसाद १

झाकणाच्या बादलीत समुद्राचेच पाणी घ्या, नळाचे नको. एका बादलीत फार कोळंबी भरू नका आणि बॅटरीवर चालणारा मत्स्यटाकीचा लहान हवापंप लावा. हा पंप नागपुरातच घेऊन ठेवा. बादली उन्हात न ठेवता ओल्या गोणपाटाने गुंडाळा. गळ कोळंबीच्या शेपटीकडून अलगद ओवावा, डोक्यातील काळ्या भागाला लागू देऊ नये, म्हणजे ती पाण्यात बराच वेळ हालचाल करत राहते.