मदत हवी आहे: न्यूरो आयसीयूमधील रुग्णाला सलग ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) काढण्यासाठी दुसरीकडे हलवावे का?

नमस्कार. माझे थोरले काका (वय 61) नऊ दिवसांपासून न्यूरो आयसीयूमध्ये आहेत. मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा फुटून आवरणाखाली रक्तस्राव झाला. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करून फुग्याला क्लिप लावली. मेंदूतील पाणी बाहेर काढण्यासाठी डोक्यात नळी घातली असून तिच्यावरच कवटीतील दाबही मोजतात. तो 10 ते 14 च्या दरम्यान आहे. 22 च्या वर टिकून राहिल्यास उपचार वाढवावे लागतील, असे सांगितले आहे. (पलंगाचे डोके वरखाली केले की सिस्टर नळीचे शून्य पुन्हा कानाच्या छिद्राच्या रेषेत आणतात. ते राहून गेले तर पडद्यावरचा आकडा चुकतो, हे कळल्यापासून मी आत गेलो की आधी नळीकडे बघतो.)

अडचण अशी की, गुंगीचे औषध बंद करून दोन दिवस झाले तरी काका शुद्धीवर आलेले नाहीत. परवा नखावर पेन दाबल्यावर ते दुसऱ्या हाताने पेन ढकलू पाहत होते, काल मात्र त्यांनी बोट नुसते मागे ओढले, म्हणजे शुद्ध किती आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर हालचालीचे गुण 5 वरून 4 झाले. घशात नळी असल्याने बोलण्याचे गुण धरताच येत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये नवीन काही नाही, सोडियम ठीक आहे, ताप नाही. रक्तवाहिन्या आकसण्याचा धोका साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत असल्याने त्यावरचे निमोडिपिन हे औषध दर चार तासांनी चालू आहे आणि डॉपलर (मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील रक्ताचा वेग मोजणारी तपासणी) रोज होते. त्यातही रक्ताचा वेग फारसा वाढलेला नाही.

त्यामुळे डॉक्टरांना आता शंका आहे ती अंग न झटकता मेंदूतल्या मेंदूत चालणाऱ्या फिटची. बाहेरून दिसते ते एवढेच, की काकांची डावी पापणी मधूनच फडफडते. काल अर्ध्या तासाचा ईईजी काढला, त्यात फिट आढळली नाही. पण ती त्या अर्ध्या तासाबाहेर येऊन जात असेल, म्हणून बेशुद्ध रुग्णाचा आलेख 24 ते 48 तास सलग पाहावा, असे त्यांचे मत आहे. ती सोय इथे नाही, 40 किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात आहे.

व्हेंटिलेटर आणि डोक्यातली नळी सांभाळत रुग्णवाहिकेने नेण्याची जोखीम यासाठी घ्यावी, की इथेच दिवसातून दोन-तीनदा छोटा ईईजी काढून भागेल? फिटचे औषध आधीपासून चालू असताना सलग आलेखामुळे उपचारात नेमका काय फरक पडतो? आणि तिकडे आलेख रात्रीही कोणी वाचते का, हे विचारणे रास्त आहे ना? नुसते यंत्र लावून सकाळी पाहणार असतील तर इतकी धावपळ कशाला, असे चुलतभावाचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते.

उद्या सकाळी 11 वाजता डॉक्टर भेटणार आहेत. अशा प्रसंगातून गेलेल्यांनी किंवा या क्षेत्रातील जाणकारांनी त्यापूर्वी लिहिल्यास फार मदत होईल.