रविवारची सही

ए-२ काकू: रविवारच्या सभेत आपल्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला हात वर केला, संमतीपत्रावर सहीही केली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. ग्रुपवरच विचारते, सही मागे घेता येते का हो? रागावू नका.

बी-११: काकू, पेढे तरी संपू द्या!

ए-२ काकू: पहिला पेढा तूच कोंबलास माझ्या तोंडात.

सेक्रेटरी: रागवायचं काय त्यात. पण ३२ पैकी २७ जण हजर होते, २४ जणांचा होकार. एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांना १७ पुरतात. तुमची सही गेली तरी ठराव उभाच. रजिस्ट्रार ऑफिसचा माणूस होता, शूटिंगही झालंय.

बी-१४ आजी: असं नको गं करूस. तिसऱ्या मजल्यावर चढायच्या धास्तीने मी दोन-दोन दिवस खाली उतरत नाही. ४० वर्षं लिफ्टची वाट बघतेय.

ए-२ काकू: तुमचे गुडघे बघूनच तर हात वर केला. पण आमच्या सासूबाई ८८ च्या. सकाळी गॅलरीत मेथी निवडत बसतात, येणारा-जाणारा थांबतो. इस्त्रीवाला गठ्ठा कठड्यावर ठेवून पाणी मागतो. नव्या बिल्डिंगला खाली नुसतं पार्किंग. आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो तर? तिथे कोण थांबणार? आणि तीन वर्षं भाड्याच्या घरात... जाऊ दे.

ए-७ वकील: खरं सांगू? जादा कार्पेट एरिया ऐकून मीही भुललो, मसुदा घरी आल्यावर वाचला. वकील असून! पण काकू, रविवारी फक्त विकासक ठरला. करार अजून रजिस्टर व्हायचाय. कोणाला कुठला मजला, भाड्याचे आगाऊ चेक, प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी (विकासकाने शब्द मोडला तर बँक पैसे देईल अशी हमी), सगळं त्यात लिहून घ्यायचं. माझ्या भावाच्या सोसायटीत १४ महिन्यांनी भाडं बंद झालं. गॅरंटी घेतलीच नव्हती. लोक अजून बाहेर आहेत.

बी-५: मलाही धाकधूक आहे. सभेत सगळे टाळ्या वाजवत होते, बोलायला जीभ रेटली नाही.

ए-१०: +१

बी-१४ आजी: काकूंना खालचा मजला द्या की. मला विसावा मजलाही चालेल, लिफ्ट असली म्हणजे झालं.

सेक्रेटरी: आधी असं इथे कोणी बोललंच नाही. शनिवारी संध्याकाळी ६ ला, ए-२ च्या गॅलरीसमोर. आपापल्या अटी कागदावर लिहून आणा. मजल्यांचं वाटप आधी घेऊ.

बी-११: खुर्च्या मी लावतो. पेढे नाही आणणार.

ए-२ काकू: चहा माझ्याकडे. सासूबाई म्हणतायत, एवढी माणसं नुसती बसणार तर मेथीच्या चार जुड्या जास्त आण.