एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग): बेरीज जुळते, तरी ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) अडते काऊन?

धरमपेठ गार्ड: 2-2 कोटी डॉलर पगाराचे दोन खेळाडू देऊन 4 कोटींचा एक घ्यायचा. काय चुकतं?

बर्डी झोन: टीम दुसऱ्या एप्रनच्या (कॅपच्या वरच्या पगार-मर्यादेच्या) वर असेल तर तिला दोन पगार जोडून एक मोठा पगार घेता येत नाही. 2025-26 ला कॅप (टीमच्या एकूण पगाराची मूळ मर्यादा) साधारण 15.46 कोटी डॉलर, पहिला एप्रन 19.59, दुसरा 20.78. आणि हिशोब ट्रेड झाल्यानंतरच्या टीमच्या पगारांच्या बेरजेवर होतो, इथेच बरेच जण फसतात. फक्त पहिल्या एप्रनच्या वर असाल तर पगार जोडता येतात, पण पाठवला त्यापेक्षा एक डॉलरही जास्त घेता येत नाही.

धरमपेठ गार्ड: मग 2024 ला मिनेसोटा टीमनं टाऊन्स हा खेळाडू ट्रेड कसा केला? ते तर दुसऱ्या एप्रनच्या वरच होते!

सदर पोस्टप: उलट्या दिशेनं, भाऊ. टाऊन्सचा सुमारे 4.92 कोटींचा एकच पगार गेला. बदल्यात निक्सकडून रँडल, डिव्हिन्चेन्झो आले. एकाच्या बदल्यात दोन चालतात. अडचण टाऊन्स घेणाऱ्या निक्स टीमची होती. रँडल-डिव्हिन्चेन्झोचे पगार मिळून 4 कोटींच्या जरा वर, म्हणून त्यांनी आणखी खेळाडू साइन-अँड-ट्रेडनं (करार करून लगेच ट्रेड) शार्लट टीमला पाठवून फरक भरला. तारीखही बघत जा: उन्हाळ्यात साइन केलेला खेळाडू सहसा 15 डिसेंबरपर्यंत ट्रेड करता येत नाही.