नेत्याच्या पत्नीला पद हवं की तिचं नाव?

धरमपेठची_मावशी: भाचीच्या सामान्य ज्ञानाच्या वहीत प्रश्न होता, ‘भारताच्या प्रथम महिला कोण?’ लिहून दिलेलं उत्तर, ‘राष्ट्रपतींच्या पत्नी’. २०२२ पासून द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती आहेत, तरी उत्तर तेच! संविधानात असं पदच नाही. नेत्यांच्या पत्नींना उसनं पद कशाला? त्यांना त्यांच्या नावाने ओळखा ना. आपल्या नागपूरचंच घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली, तेव्हा शेजारी उभं राहून दीक्षा घेणाऱ्या त्यांच्या पत्नी स्वतः डॉक्टर होत्या. १९४८ च्या लग्नाआधी त्या शारदा कबीर होत्या, लग्नानंतर सविता आंबेडकर झाल्या. आडनाव गेलं, पहिलं नावही गेलं. दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना शारदा कबीर हे नाव माहीत आहे?

अजनी_१९: मावशी, अर्धंच पटलं. बाबासाहेब गेल्यावर माईसाहेब, म्हणजे सविताबाई, ४६ वर्षं जगल्या, आंबेडकर हेच नाव लावून. बाबासाहेबांच्या मृत्यूवरून त्यांच्यावर संशय घेतला गेला, आपल्याच माणसांनी दूर लोटलं, तरी नाव सोडलं नाही. तुम्ही त्यांना परत कबीर करायला निघालात, ते त्यांना चाललं असतं का? आणि बाबासाहेबांच्या पहिल्या पत्नीला रमाई म्हणताना आपण सासर-माहेर काहीच लावत नाही. १९३५ मध्ये गेलेल्या रमाबाईंना लोकांनी आई म्हटलं, घरकुल योजनेला सरकारने ते नाव फार नंतर दिलं. असं नाव उसनं कसं?

इतवारीचा_भाऊ: आडनावाचं एवढं काहून धरून बसले ना बाप्पा! लालबहादुरांनी जात सांगणारं श्रीवास्तव टाकलं. शास्त्री ही त्यांची काशी विद्यापीठाची पदवी. ललिताबाईंनी तेच नाव लावलं. नवऱ्याचं आडनाव घेतलं म्हणून जातीतूनही सुटता येते, हे बी पाहा.

धरमपेठची_मावशी: भाऊ, मला नेमकं हेच खुपतं. नवऱ्याची पदवी बायकोचं आडनाव होऊ शकते, पण सविताबाईंनी स्वतः मिळवलेली डॉक्टरकी आपण त्यांच्या नावामागे लावत नाही. ‘बुद्ध अँड हिज धम्म’च्या मार्च १९५६ च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आजारपणातल्या शुश्रूषेबद्दल पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे आभार मानले. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापलीच नाही. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही.

रामदासपेठ_नागरिक: नावाचं ज्याचं त्याने ठरवावं, पण दर्जा कागदावर हवाच. पद नाही म्हटलं तरी दौरे, सुरक्षा, माणसं यांवर खर्च होतोच. फ्रान्समध्ये २०१७ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ब्रिजित माक्रों यांना अधिकृत दर्जा देण्याविरुद्ध दोन लाखांवर सह्या जमल्या. मग सरकारने वेगळं पद न देता त्यांचं काम काय, कर्मचारी कोण, हे लिहून जाहीर केलं. वेतन नाही, हेही ठरलं. लिहिलेलं असलं की जाब विचारता येतो.

सदर_बाजार: दर्जा लिहायचा तर नवऱ्यांचाही लिहा. प्रतिभाताई २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या. नाव प्रतिभा देवीसिंह पाटील, म्हणजे नवऱ्याचं नाव मधे, आडनाव माहेरचं. देवीसिंह शेखावत अमरावतीचे महापौर राहिलेले, आपल्या विदर्भातलेच. पण माझ्या मुलाच्या वहीत तेव्हा ‘राष्ट्रपतींचे पती कोण’ असा प्रश्न काही आला नाही. पाच वर्षं कुणाचं काही अडलं का?

रामदासपेठ_नागरिक: अडलं नाही, हे खरं. पण खर्चाचा प्रश्न तिथेही होताच. पती असो की पत्नी, नियम एकच असावा.

धरमपेठची_मावशी: एकच नियम असेल तर माझी हरकत नाही, फक्त त्यात ‘प्रथम’ वगैरे शब्द नको. अजनी, तुमचंही मानलं, आंबेडकर काढायचं नाही. भाचीच्या वहीत आता आम्ही लिहिलंय: ‘डॉ. सविता आंबेडकर, लग्नाआधीच्या डॉ. शारदा कबीर’. बाईंनी लाल रेघ ओढली तर मी स्वतः शाळेत जाऊन बोलणार आहे.

अजनी_१९: जा मावशी. आणि त्याच पानावर रमाबाईंनाही जागा ठेवा.